२१४७४८३६४७ : एका मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म आणि वर्गीकरण

सी किंवा जावा शिकायला लागल्यावर पहिल्या सत्रातच ही संख्या समोर येते. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात, म्हणजे 'इंट' प्रकारात, मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. शब्दांत वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. बहुतेक विद्यार्थी ती पाठ करतात, व्हायवात सांगतात आणि तिथेच थांबतात. या टिपणात आपण तिच्याकडे गणिताच्या बाजूने पाहणार आहोत. ती कोणत्या वर्गात बसते, कोणत्या वर्गात बसत नाही, आणि मुख्य म्हणजे ते आपल्याला कशावरून कळते?

पुढे लिहिताना घातासाठी ^ हे चिन्ह वापरू, म्हणजे २^५ = ३२. आणि आपल्या संख्येला न म्हणू. न = २^३१ − १.

मोठ्या संख्यांबद्दल माहिती देणारी कोष्टके भरपूर मिळतात. एका संख्येपुढे पंधरा-वीस विशेषणे लावलेली असतात: विषम, मूळ, अमुक प्रकारची, तमुक प्रकारची नाही. ही विशेषणे एका तोलाची नसतात. काही खरोखर संख्येची असतात, काही केवळ ती लिहिण्याच्या पद्धतीची. काही एका नजरेत कळतात, काहींना शतके लागली. हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

अंकांवरून दिसणारे गुणधर्म

दशमान पद्धतीत न मध्ये दहा अंक आहेत आणि त्यांची बेरीज ४६ येते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 'हर्षद संख्या' ही कल्पना मांडली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. उदाहरणार्थ १८ : अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. न हर्षद आहे का? प्रत्यक्ष भागाकार करायची गरजच नाही. न मूळ संख्या आहे (हे आपण पुढे पाहू), म्हणून तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, आणि ४६ या दोहोंपैकी काहीच नाही. याच कारणाने एकापेक्षा जास्त अंक असलेली कोणतीही मूळ संख्या दशमान पद्धतीत हर्षद असू शकत नाही.

न चे अंक उलटे लिहिले तर ७४६३८४७४१२ मिळते. ती सम आहे, म्हणजे मूळ नाही. आता तीच न द्विमान पद्धतीत लिहा : ओळीने ३१ वेळा १. उलटे लिहा, सुलटे लिहा, सारखेच. म्हणजे दशमानात जी संख्या उलटल्यावर पार वेगळी होते, ती द्विमानात दोन्ही बाजूंनी सारखी वाचली जाते. संख्या बदललेली नाही, आपण आधार बदलला. म्हणून अंकांची बेरीज, अंकांचा क्रम, उलट-सुलट वाचन यांवरून ठरणारे वर्ग मनोरंजक असतात, पण आधार सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो. मूळ असणे, विभाजकांची संख्या, अमुक संख्येने भागल्यावरची बाकी हे मात्र कोणत्याही आधारात तेच राहते. यापुढे आपण मुख्यतः अशाच गुणधर्मांकडे पाहू.

घातांकाकडे पाहा

२^क − १ या रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. त्यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची एक यादी प्रसिद्ध केली, म्हणून हे नाव.

इथे पहिली सोपी गोष्ट अशी : घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्याही संयुक्तच असते. कारण क = अ × ब असेल तर २^क − १ ला २^अ − १ ने पूर्ण भाग जातो. शाळेत शिकलेल्या य^ब − १ च्या अवयवांत य = २^अ घालून पाहा, लगेच पटेल.

आता संगणकातले पूर्णांक घेऊ. ८, १६, ३२ आणि ६४ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकांची कमाल किंमत अनुक्रमे २^७ − १, २^१५ − १, २^३१ − १ आणि २^६३ − १ असते, कारण एक बिट चिन्हासाठी जातो. यांपैकी १५ आणि ६३ हे घातांक संयुक्त आहेत. म्हणून ३२७६७ = ७ × ३१ × १५१, आणि २^६३ − १ म्हणजे ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ही संख्याही संयुक्त; तिला ७ ने भाग जातो हे ६३ ला ३ ने भाग जातो यावरूनच कळते. उरले ७ आणि ३१. १२७ मूळ आहे हे कोणीही दोन मिनिटांत तपासेल. २^३१ − १ साठी मात्र काम करावे लागेल, कारण या नियमाचा व्यत्यास खरा नाही. घातांक मूळ असला म्हणून मर्सेन संख्या मूळ असतेच असे नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

थोडक्यात, संगणकाच्या रचनाकारांनी ३२ बिट निवडले ते मूळ संख्येसाठी नव्हे. २ च्या घाताएवढे बिट घ्यायचे आणि त्यांतला एक चिन्हाला द्यायचा, एवढ्याच सोयीतून ही संख्या पुढे आली. तिचे मूळ असणे हा निव्वळ योगायोग, पण कामाचा योगायोग.

यादी आणि सिद्धता

इटालियन गणिती पिएत्रो कताल्दी यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस २^१७ − १ आणि २^१९ − १ या मूळ आहेत हे वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून दाखवले. ते काम पक्के होते. त्यापुढे त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात असे सांगितले. या चारांपैकी फक्त ३१ बरोबर निघाला. २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो आणि २^३७ − १ ला २२३ ने. हे दोन्ही फर्माने १६४० मध्ये शोधले. २^२९ − १ ला २३३ ने भाग जातो, हे ऑयलरने पुढे दाखवले. मर्सेनच्या यादीतही ३१ होता, पण त्याच यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ सुटले होते.

तेव्हा ऑयलरच्या आधी '२१४७४८३६४७ मूळ आहे' हे विधान खरे होते, दोन प्रतिष्ठित माणसांनी छापलेही होते, पण कोणालाही ते माहीत होते असे म्हणता येत नाही. परीक्षेत उत्तर बरोबर येणे आणि उत्तर कळलेले असणे यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. १७७२ पर्यंत ऑयलरने सिद्धता दिली. पुढे अनेक दशके याहून मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितीने लिहिले की या मूळ संख्येपासून तयार होणारी परिपूर्ण संख्या बहुधा कायमच सर्वांत मोठी राहील, कारण त्या केवळ कुतूहलाच्या वस्तू आहेत, उपयोग काही नाही, त्यामुळे याहून पुढे जायचा प्रयत्न कोणी करणार नाही. भाकीत साफ चुकले.

ऑयलरने भागाकार किती केले?

हा या टिपणाचा गाभा आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचा.

न मूळ आहे हे दाखवण्याचा सरळ मार्ग म्हणजे २ पासून न − १ पर्यंत प्रत्येक संख्येने भागून पाहणे. हे २१४ कोटींहून जास्त भागाकार झाले. न संयुक्त असेल तर तिचा एक तरी अवयव वर्गमूळाहून मोठा नसतो. न चे वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ यांच्या मध्ये आहे, म्हणजे भागाकार उरले ४६३३९. फक्त मूळ संख्यांनी भागले तर साधारण ४८०० उरतात, पण त्यासाठी तेवढ्या मूळ संख्यांचा तक्ता हाताशी हवा. कताल्दीची पद्धत ही. हाताने करायला हे काम महिन्यांचे आहे.

आता समजा, प ही मूळ संख्या न चा विभाजक आहे. म्हणजे २^३१ ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. ज्या सर्वांत लहान घातांकाला २ च्या घाताची प ने भागल्यावर बाकी १ येते, त्याला २ ची 'कोटी' म्हणतात. १ बाकी देणारा प्रत्येक घातांक हा कोटीच्या पटीत असतो. म्हणून कोटी ही ३१ ची विभाजक आहे. ३१ मूळ आहे, तेव्हा कोटी १ किंवा ३१. कोटी १ असेल तर प ने २ − १, म्हणजे १ ला भाग गेला पाहिजे, ते अशक्य. म्हणून कोटी ३१ च. दुसरीकडे फर्माचा लघु सिद्धांत सांगतो की २^(प−१) ची बाकीही १ असते. म्हणून प − १ हा ३१ च्या पटीत आहे. न विषम असल्याने प विषम, म्हणजे प − १ सम. दोन्ही एकत्र केले की प = ६२क + १.

एवढ्याने ४६३४० पर्यंतचे उमेदवार ७४७ वर आले. पण अजून एक गोष्ट न मध्येच दडलेली आहे. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ असते. आणि २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे अशी एक संख्या आहे जिच्या वर्गाला प ने भागल्यावर बाकी २ उरते. २ हा प साठी 'वर्गशेष' आहे. असे केव्हा होते याचा नियम आहे : प ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ असेल तेव्हाच.

आता ६२क + १ ला ८ ने भागा. बाकी १ हवी तर क हा ४ च्या पटीत हवा, आणि बाकी ७ हवी तर क ला ४ ने भागल्यावर १ उरायला हवा. म्हणून प चे रूप २४८क + १ किंवा २४८क + ६३ एवढेच असू शकते.

मोजून पाहा. २४८क + १ या रूपाच्या १ हून मोठ्या संख्या ४६३४० पर्यंत १८६ आहेत. २४८क + ६३ या रूपाच्या, ६३ सोडून, तेवढ्याच १८६. एकूण ३७२. ६३ सोडली कारण ती मूळ नाही. यांतल्या पुष्कळ उघडच संयुक्त आहेत. सुरुवातीच्या पाहा : २४९ ला ३ ने भाग जातो, ३११ मूळ आहे, ४९७ ला ७ ने भाग जातो, ५५९ = १३ × ४३, ७४५ ला ५ ने, ८०७ आणि ९९३ ला ३ ने, १०५५ ला पुन्हा ५ ने, १२४१ = १७ × ७३, आणि मग १३०३ मूळ. म्हणजे पहिल्या तेराशे संख्यांत खरोखर भागून पाहायचे ते दोनदाच! ३११ ने भागल्यावर बाकी ३५ येते, १३०३ ने भागल्यावर २२६. असेच पुढे जायचे. शेवटपर्यंत जेमतेम ऐंशीच्या आसपास भागाकार होतात. एकातही बाकी शून्य येत नाही, आणि म्हणून न मूळ आहे.

४६३३९ वरून ऐंशीवर. यंत्र तेच, म्हणजे माणूस. फक्त आधी विचार केला.

तुमचा प्रोग्रॅम या संख्येला काय म्हणतो?

मूळ संख्या ओळखणारा प्रोग्रॅम प्रत्येकाने लिहिलेला असतो. क ची किंमत २ पासून सुरू करायची, 'क × क ≤ न' आहे तोवर लूप चालवायचा, न ला क ने भाग गेला तर 'संयुक्त' म्हणून बाहेर पडायचे, लूप संपला तर 'मूळ'. ७, ९, ९७, १०० देऊन पाहतात, उत्तरे बरोबर येतात, असाइनमेंट जमा होते.

हाच प्रोग्रॅम जावामध्ये, सगळे चल 'इंट' ठेवून, २१४७४८३६४७ देऊन चालवा. उत्तर येते : संयुक्त.

असे का होते ते पायरीपायरीने पाहू. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, तो मावतो. क = ४६३४१ झाला की वर्ग व्हायला हवा २१४७४८८२८१. तो कमाल मर्यादेबाहेर आहे. जावात अशा वेळी किंमत गुंडाळली जाते, म्हणजे २^३२ वजा होऊन −२१४७४७९०१५ मिळते. ही ऋण संख्या न पेक्षा लहानच, तेव्हा लूप थांबत नाही. आणि नीट विचार केला तर तो कधीच थांबणार नाही, कारण 'इंट' मधली प्रत्येक किंमत २१४७४८३६४७ किंवा त्याहून लहानच असते! या एका न साठी 'क × क ≤ न' ही अट कायम खरी आहे. लूप दोन अब्जांहून जास्त फेऱ्या मारतो, क शेवटी न पर्यंत पोहोचतो, न ला न ने भाग जातो, आणि प्रोग्रॅम ठामपणे सांगतो की संख्या संयुक्त आहे.

सी मध्ये परिस्थिती आणखी वाईट. चिन्हांकित पूर्णांक मर्यादेबाहेर गेला की काय व्हावे हे भाषेने ठरवलेलेच नाही, त्यामुळे निकालाची काहीच हमी देता येत नाही.

उपाय सोपा आहे : 'क × क ≤ न' ऐवजी 'क ≤ न ÷ क' लिहा (पूर्णांक भागाकार), किंवा गुणाकार ६४ बिटांत करा. पण उपायापेक्षा महत्त्वाचे हे की गणितात दोन्ही अटी एकच आहेत आणि यंत्रात नाहीत. चाचणीसाठी संख्या निवडताना मर्यादेवरची संख्या घ्या असे आम्ही वर्गात सांगतो, ते याचसाठी.

२९ पायऱ्यांची कसोटी

मर्सेन संख्यांसाठी याहून वेगवान कसोटी ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात शोधली आणि लेमर यांनी विसाव्या शतकात ती आजच्या सोप्या रूपात आणली. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक पायरीला वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांक क (२ सोडून मूळ) असेल तर क − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. लहान उदाहरण २^५ − १ = ३१ चे घ्या : ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. तीन पायऱ्या, ३१ मूळ.

आपल्या न साठी २९ पायऱ्या लागतात : ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ आणि पुढे. वर्ग करताना ६४ बिटांचा चल घ्या, नाहीतर वरचीच गत होईल. ही सिद्धता विभाजकांना हातही लावत नाही. संख्या संयुक्त निघाली तरी तिचे अवयव कोणते हे या कसोटीतून कळत नाही.

बाकीवरून पडणारे वर्ग

न ला ४ ने भागल्यावर ३ उरतात, ८ ने भागल्यावर ७. हे द्विमान रूपावरून तोंडी सांगता येते. यातून एक सुंदर निष्कर्ष निघतो. कोणत्याही वर्गसंख्येला ८ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा ४ असते. यांतल्या कोणत्याही तीन बाक्या घेऊन बेरीज करा, ८ ने भागल्यावर ७ कधीच मिळत नाहीत. म्हणून न ही दोनच काय, तीन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येत नाही. चार वर्गांची बेरीज मात्र होते, कारण प्रत्येक नैसर्गिक संख्या चार वर्गांची बेरीज असते हा लाग्रांजचा १७७० चा सिद्धांत आहे. तेव्हा 'नेमके चार वर्ग लागणाऱ्या' संख्यांच्या वर्गात न बसते. हे सांगायला न मूळ आहे की नाही हे माहीत असण्याचीही गरज पडली नाही.

जोडमूळ संख्यांच्या वर्गात ती बसत नाही. २ ने कमी केली तर २१४७४८३६४५, शेवटी ५. २ ने वाढवली तर २१४७४८३६४९ = २^३१ + १, तिला ३ ने भाग जातो.

परिपूर्ण संख्या

स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांची बेरीज स्वतःएवढी असेल ती परिपूर्ण संख्या : ६ = १ + २ + ३. युक्लिडच्या ग्रंथाच्या नवव्या खंडात सिद्ध केले आहे की २^क − १ मूळ असेल तर २^(क−१) × (२^क − १) परिपूर्ण असते. न साठी ही संख्या २^३० × न = २३०५८४३००८१३९९५२१२८. हिचे विभाजक ६२ : २ चे ३१ घात, आणि त्या प्रत्येकाची न पट. सर्वांची बेरीज (२^३१ − १) × २^३१, म्हणजे बरोबर दुप्पट. लहानापासून मोजली तर ही आठवी परिपूर्ण संख्या, जशी न ही आठवी मर्सेन मूळ संख्या. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१.

हीच संख्या न × (न + १) ÷ २ अशीही लिहिता येते, म्हणजे ती त्रिकोणी संख्या आहे. तेव्हा १ पासून 'इंट' च्या कमाल किमतीपर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज ६४ बिटांच्या चलात केली तर आठवी परिपूर्ण संख्या मिळते.

शेजारच्या २१४७४८३६४८ चीही गंमत पाहा. ती २^३१ आहे. तिचे स्वतःखेरीज विभाजक १, २, ४ … २^३०, आणि त्यांची बेरीज नेमकी न. परिपूर्ण व्हायला एक कमी पडला.

न − १ कशाला हवा?

२१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. हे अवयव पाडून ठेवणे उपयोगी आहे. न ने भागल्यावर ७ ची कोटी किती? ती न − १ ची विभाजक असणार. न − १ ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांनी एकेकदा भागून येणाऱ्या सात घातांकांना ७ च्या घाताची बाकी १ येत नाही, एवढे तपासले की कोटी पूर्ण न − १ आहे हे सिद्ध होते. तसे ते खरोखर आहे. म्हणजे ७ चे घात घेत गेलो तर १ ते न − १ मधली प्रत्येक बाकी एकेकदा येऊन मगच १ परत येतो.

यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करण्याची एक जुनी पद्धत यावर उभी आहे : मागच्या संख्येला १६८०७ ने गुणा, न ने भागून बाकी घ्या. १६८०७ म्हणजे ७^५. पाचच का? ५ हा न − १ चा विभाजक नाही, त्यामुळे ७^५ ची कोटीही पूर्ण राहते. ७^३ = ३४३ घेतले असते तर चक्र एक-तृतीयांशावर, ७१५८२७८८२ वर आले असते. आणि २ घेतला तर? २ ची कोटी फक्त ३१. एकतीस पावलांत तेच तेच सुरू. ही पद्धत पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये किमान मानक म्हणून सुचवली आणि आज सी प्लस प्लस च्या प्रमाणित संग्रहात आहे. तुम्ही ती स्वतः लिहिलीत तर तपासायला एक खूण : १ पासून सुरुवात करून दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५ आली पाहिजे. (गुप्तलेखनासाठी मात्र ती वापरू नका; एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.)

घड्याळातली न

अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (जागतिक वेळ) उलटलेले सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ठेवतात. न सेकंद पूर्ण होतील तो क्षण भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला असा चल −२१४७४८३६४८ वर जाईल आणि तारीख डिसेंबर १९०१ दाखवेल. ६४ बिटांचा काळ वापरणाऱ्या प्रणालींना हा धोका नाही. वर्षानुवर्षे न बदललेल्या यंत्रांतल्या प्रोग्रॅमना आहे. तुमच्यापैकी काहींच्या नोकरीत हे काम येईल.

दुहेरी मर्सेन

न चा घातांक ३१ हाही २^५ − १, म्हणजे स्वतः मर्सेन मूळ संख्या आहे. अशा संख्यांना दुहेरी मर्सेन संख्या म्हणतात. त्यांतल्या ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १ एवढ्या चारच मूळ असल्याचे माहीत आहे.

मग न हाच घातांक घेतला तर? २^न − १ ही संख्या दशमानात लिहायला चौसष्ट कोटींहून जास्त अंक लागतील. ती मूळ नाही. तिचा एक विभाजक २९५२५७५२६६२६०३१ आहे. ऑयलरसाठी वापरलेला युक्तिवाद ३१ च्या जागी न घालून जसाच्या तसा चालतो : विभाजक २ × क × न + १ या रूपाचा असला पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरले पाहिजेत. इथे क = ६८७४५, आणि बाकी ७. हे दोन्ही तुम्ही कागदावर तपासू शकता. खरोखर भाग जातो का हे तपासायला २^न लिहून काढावे लागत नाही. २ पासून सुरू करा, ३० वेळा 'वर्ग करा आणि दुप्पट करा', दर वेळी या विभाजकाने भागून बाकी ठेवा (न च्या द्विमान रूपात सगळे १ च असल्याने प्रत्येक पायरीला दुप्पट करावी लागते). शेवटी १ उरला पाहिजे. मधले वर्ग ६४ बिटांत मावणार नाहीत, तेव्हा मोठे पूर्णांक हाताळणारी भाषा घ्या.